‘डॉक्टर, आमचं बाळ काहीच खात नाही!’

पावसाळ्यात सर्दी-ताप, उन्हाळ्यात जुलाब, थंडीत खोकला. दवाखान्यातल्या तक्रारी ऋतूप्रमाणे बदलत असतात. एक तक्रार मात्र बारा महिने चालू असते. एक ते चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आई येते, मागोमाग बहुधा आजी असतात, आणि खुर्चीवर टेकायच्या आत वाक्य येते, "डॉक्टर, हा काहीच खात नाही हो!" सांगणाऱ्या आईचा चेहरा रडवेला झालेला असतो. ज्याच्याविषयी हे चालले आहे तो मात्र माझा स्टेथोस्कोप ओढत असतो, नाहीतर बाकाखाली शिरून कोणाची तरी चप्पल पळवत असतो. काहीच न खाणाऱ्याच्या अंगात एवढा दंगा कुठून येतो, हा प्रश्न माझ्या मनात येतोच. पण तो लगेच बोलून दाखवत नाही. आईची काळजी खरी असते. शिवाय घरून निघताना तिने ऐकून घेतलेले असते, "आम्ही चार-चार वाढवली, हिला एक जेवू घालता येत नाही."

आज याविषयी जरा स्पष्टच लिहितो. मुलाने काय खावे आणि केव्हा खावे, हे ठरवणे मोठ्यांचे काम आहे. किती खावे, हे ठरवणे मुलाचे. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमके उलटे चालते. काय आणि केव्हा हे मूल रडून ठरवते, आणि किती हे आपण दटावून ठरवतो. ‘खात नाही’ या तक्रारीचा मोठा भाग या उलट्या कारभारातून तयार होतो, असे माझे मत आहे.

आधी थोडे गणित. जन्मताना तीन किलो असलेले बाळ साधारण पाच महिन्यांत दुप्पट होते आणि वर्षाचे होईपर्यंत तिप्पट, म्हणजे नऊ किलोच्या आसपास जाते. पहिल्या वर्षाची कमाई सहा किलो. दुसऱ्या वर्षात ते अडीच-तीन किलोच वाढते आणि त्यानंतर दरवर्षी जेमतेम दोन किलो. वाढीचा वेग असा निम्म्याहून खाली येतो तेव्हा भूकही त्या मानाने उतरते. निसर्गाने ठरवलेली ही गोष्ट आहे. पण आईला आठवते ते दहाव्या महिन्यातले, वाटीभर खिमट मटकावणारे बाळ. तेच बाळ दीड वर्षाचे होऊन चालू-पळू लागते आणि दोन घास खाऊन उठते. त्याला आता घरभर फिरून डबे उपडे करायचे असतात, आणि त्यापुढे वरण-भात फिका पडतो. इथेच घाबरगुंडी सुरू होते. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते दात येताहेत, कोणी म्हणते जंत झाले. मीठ-मोहरी ओवाळून टाकायला माझी हरकत नाही. त्याने कोणाचे वजन कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही. पण वजनाचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

मध्यंतरी दोन वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या होत्या. वजन पावणेबारा किलो, म्हणजे वयाच्या मानाने बरोबर. रक्त, डोळे, पोट सगळे ठीक. मी म्हटले, "आजी, काल सकाळपासून याच्या तोंडात काय काय गेलं ते एकदा सांगा बरं." आजी म्हणाल्या, "काहीच नाही." मी कागद-पेन घेतले आणि एकेक तास विचारत गेलो. उठल्याबरोबर चॉकलेटची पूड घातलेले पेलाभर दूध. आजोबांच्या बशीतल्या चहात बुडवलेली तीन बिस्किटे. दहाच्या सुमारास शेजारच्या काकूंकडचा बेसनाचा लाडू. साडेअकराला रडला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातले कुरकुरीत पाकीट. साडेबाराला आईने गरम वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी असे व्यवस्थित ताट वाढले, तेव्हा या गृहस्थांनी तोंड फिरवले. "जेवला नाही" म्हणून झोपताना बाटलीतून पुन्हा दूध. संध्याकाळी बाबांनी येताना आणलेला केक. रात्री परत ताट, परत तोंड फिरवणे, परत दूध.

यादी वाचून दाखवली तेव्हा आजी खळखळून हसल्या. "हे काय जेवण आहे का डॉक्टर?" त्यांचे म्हणणे आपल्या सगळ्यांचेच म्हणणे आहे. खाणे म्हणजे ताटातले. बाकीचे आपण हिशेबात धरत नाही. मुलाचे पोट मात्र सगळे हिशेबात धरते. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. पन्नास ग्रॅमच्या बिस्किटाच्या पुड्यात सव्वादोनशे कॅलरी येतात, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तोही मैदा आणि साखरेचा. या मुलाची भूक शाबूत होती. तिची जागा दुसऱ्या गोष्टींनी अडवली होती. बाटली तोंडात ठेवून झोपायच्या सवयीने वरचे पुढचे चार दात किडले होते, ते वेगळेच.

हे हसण्यावारी नेण्यासारखे प्रकरण. आता दुसरे सांगतो, त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

जवळच्या खेड्यातले वीस महिन्यांचे बाळ. घरी दोन म्हशी, खाऊन-पिऊन सुखी घर. बाळ गुबगुबीत, गालांना खळ्या. त्याला जेवत नाही म्हणून आणलेच नव्हते. आणले होते सर्दीसाठी. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. विचारले तर कळले, की बाळ दिवसाला सव्वा लिटर दूध पिते आणि दुसरे काही तोंडात धरत नाही. घरच्यांना त्याचे कौतुक होते. "घरचं दूध आहे डॉक्टर, पाण्याचा थेंब नाही." रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेसहा निघाले. या वयात ते निदान साडेदहा-अकराच्या वर हवे. त्याच दिवशी बाळाला जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे लागले.

म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे हजार कॅलरी असतात. म्हणजे दुधानेच पोट भरते आणि भाकरी, डाळ, भाजी, अंडे यांना जागा उरत नाही. दुधात चुना भरपूर, लोह मात्र जवळजवळ नाहीच. आणि दुसऱ्या अन्नातले लोह शोषले जाण्यातही दूध अडथळा आणते. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच पेले दूध पुरे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही जरूर चालू ठेवावे, पण सहा महिने पूर्ण झाल्यावर त्याच्या जोडीला घट्ट अन्न हवेच. वरणाचे पाणी आणि भाताची पेज यांना मी अन्न म्हणत नाही. चमचा तिरका केल्यावर जे ओघळून जाते, त्यात पाणीच अधिक असते.

चहाचीही तीच गत. आपल्याकडे दीड-दोन वर्षांच्या मुलाला बशीतून चहा आणि त्यात बुडवलेली खारी किंवा टोस्ट देण्याची चाल घरोघर आहे. आजोबांच्या मांडीवर बसून प्यायलेल्या त्या चहात माया असते हे मला मान्य आहे, पण चहातला टॅनिन हा घटक लोह अडवून धरतो. मांडी तीच राहू द्या, बशीत दुसरे काही द्या.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. दहांतली सात मुले. ही सगळी काही उपाशी घरांतली नव्हती. रक्त कमी झाले की मूल मलूल होते, चिडचिडे होते आणि त्याची भूकही मरते. मग ते आणखी दुधावर जाते. माती, खडू, भिंतीचे पापुद्रे खाणारे मूल आपण ‘खोडकर’ म्हणून रागावतो. त्याचे रक्त आधी तपासा.

या मुलांसाठी सरकारची सोय आहे आणि ती फुकट आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर लोहाचे औषध द्यायचे असते. आशाताई ती बाटली देतात. अनेक घरांत ती फडताळात तशीच पडलेली असते, कारण दोन मात्रांनंतर बाळाची शी काळी झाली आणि आजींनी औषध बंद केले. लोहाने शी काळी होतेच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जेवणाबरोबर थोडे लिंबू पिळून दिले तर लोह अधिक शोषले जाते.

आता जबरदस्तीविषयी. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण आपण कामे करून घेण्यासंबंधी वापरतो. काही घरांत ती शब्दशः वापरली जाते, हे मी ऐकीव सांगत नाही. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने नाक दाबायचे आणि तोंड उघडले की चमचा आत. रडणारे मूल श्वास जोरात ओढत असते. अशा वेळी घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. एवढे झाले नाही, तरी ताट दिसले की मूल पळू लागते, कारण त्याच्या दृष्टीने ताट म्हणजे कुस्ती. उलटीची सवय लागते. आईही रोज दोन तास मुलामागे वाटी घेऊन धावते आणि स्वतः गार झालेले जेवते.

कुस्तीतून सुटका म्हणून घरात मोबाईल आला. व्हिडिओ लावला की तोंड आपोआप उघडते, वाटी दहा मिनिटांत संपते, सगळे खूश. मला हा प्रकार नाक दाबण्याचाच सभ्य अवतार वाटतो. पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाला आपण काय खातो आहोत ते कळत नाही, पोट भरल्याचेही कळत नाही. ते चावत नाही, घास गालात धरून ठेवते. भूक लागणे आणि पोट भरणे या दोन संवेदना ओळखायला शिकण्याचे हेच वय असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये यासंबंधी सूचना दिल्या आहेत. आपल्या संघटनेच्या मते दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये (दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणे तेवढे चालेल) आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, तोही मोठे माणूस शेजारी असताना. जेवताना अजिबात नाही.

यावर आज्या मला विचारतात, "मग आम्ही चिऊ-काऊचे घास भरवले, ते काय वेगळं?" प्रश्न रास्त आहे. चिऊच्या घासात मूल भरवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असते, शब्द ऐकत असते, मध्येच "काऊ कुठंय?" विचारत असते, हा फरक मोठा आहे. पण आजी रागावणार नसतील तर सांगतो, पोट भरून मान फिरवल्यानंतरचे चार घास चिऊच्या नावाने गेले काय आणि मामाच्या नावाने गेले काय, ते कोंबलेलेच.

मुलावर सोडले तर ते उपाशी राहील, ही धास्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात ती तपासून पाहिली होती. नुकतीच अंगावरून तुटलेली बाळे घेऊन त्यांच्यापुढे धान्य, दूध, अंडी, मांस, फळे, भाज्या असे साधे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले. परिचारिका चमचा घेऊन गप्प बसे. बाळाने हात केला त्यातलेच देई, आग्रह नाही. बाळांचे एकेक जेवण पाहिले तर विचित्र होते, एखादे मूल अंड्यांमागे अंडी खाई. पण सगळ्या काळाचा हिशेब केला तेव्हा ती उत्तम वाढलेली निघाली. यातली मेख लक्षात घ्या. त्या भांड्यांत साखर, बिस्किटे, तळलेले काही नव्हते. काय मांडायचे ते मोठ्यांनी ठरवले होते. आपण बिस्किटाचा डबा मुलाच्या हाताशी ठेवणार आणि वर त्याने भाजी निवडावी म्हणणार, हे जमणार नाही.

टॉनिकबद्दल माझ्याच व्यवसायाला दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘भुकेचे औषध द्या’ असा आग्रह होतो आणि ते लिहून दिले की रोगी समाधानाने जातो. यातली बरीच औषधे मूळची ॲलर्जीवरची आहेत. त्यांनी मुलाला झोप येते, काही दिवस भूक वाढल्यासारखी वाटते आणि औषध थांबले की गाडी मूळ पदावर. निरोगी मुलाला त्याची गरज नाही आणि आजारी मुलाचा आजार त्याने झाकला जातो. उंची वाढवण्याच्या जाहिराती करणाऱ्या दुधातल्या पुडींचेही तेच. डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचा, साखर किती ते दिसेल. अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले आहे. त्या डब्याच्या किमतीत महिनाभराची अंडी येतात.

एवढे लिहिल्यावर एक इशारा द्यायलाच हवा. ‘भूक लागली की खाईल, सोडून द्या’ हा सल्ला वजन नीट वाढणाऱ्या मुलासाठी आहे. माझ्याकडे अशाही माउल्या येतात ज्या सकाळी आठला खुरपणीला जातात आणि संध्याकाळी सहाला परततात. मागे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीपाशी असते. तिथे ‘खात नाही’ याचा अर्थ भरवायला कोणी नाही असा असतो, आणि कधी घरात पुरेसे नाही असाही. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची तीनातले एक मूल वयाच्या मानाने खुजे आढळले. दीर्घकाळ कमी मिळालेल्या मुलाची भूकच मंदावते, ते मागत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, शेजारी बसून, गोडीने भरवावे लागते. वरून चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचे बारीक कूट, शक्य तर अंडे. अशा आईला ‘तुम्ही लाड करता’ म्हणणे हा अन्याय आहे. कोणते मूल कोणत्या प्रकारातले, हे डोळ्यांनी ठरवू नका. गुबगुबीत बाळाची गोष्ट वर सांगितलीच. अंगणवाडीत दरमहा वजन होते, माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीची रेघ असते. ती रेघ वर जाते आहे की आडवी झाली आहे, हे कोणत्याही शिकलेल्या माणसाला वाचता येते. बाबांनीही वाचावी.

बाकी घरी करण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. दिवसात तीन जेवणे आणि दोन मधली खाणी, त्यांच्या मध्ये अडीच-तीन तास पाण्याखेरीज काही नाही. शेजारच्या काकूंनाही हे सांगून ठेवावे. मुलाला सगळ्यांबरोबर पंगतीला बसवावे, त्याचे वेगळे छोटे ताट, त्यात तुम्हाला वाटते त्याच्या निम्मेच वाढावे. हाताने खाऊ द्यावे. सांडेल म्हणून खाली जुना पेपर अंथरावा, आमचाच अंक चालेल. मात्र त्यावर अन्न वाढू नये, शाई पोटात जाते. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलावे, बोलून न दाखवता. नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही असे नाही, आठ-दहा वेळा पुढे यावी लागते. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नयेत, पाच वर्षांपर्यंत घशात अडकण्याचे भय असते. वर्षाच्या आत मध चाटवू नये, अगदी बोटभरसुद्धा. पहिले तीन-चार दिवस मूल रडून घर डोक्यावर घेईल. त्या दिवसांत सासू, सासरे आणि नवरा यांनी आईच्या पाठीशी उभे राहायचे आहे. एकाने नाही म्हणायचे आणि दुसऱ्याने खिशातून चॉकलेट काढायचे, असे झाले तर सगळे फुकट.

दवाखान्यात केव्हा आणावे? दोन-तीन महिने वजन वाढले नाही किंवा उतरले, दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप आहे, घरात कोणाला क्षयरोग आहे, जुलाब वारंवार होतात, शौचाला खडा होतो (याने भूक फार मरते आणि कोणी सांगत नाही), गिळताना ठसका लागतो, मूल फिकट दिसते, माती खाते. यांतले काहीही असेल तर वाट पाहू नका. येताना ते कार्ड आणा, आणि आदल्या दोन दिवसांत काय काय तोंडात गेले ते वहीच्या पानावर लिहून आणा. दूध पेल्याने मोजून लिहा. बशीतला चहाही लिहा.